दोन टाक्यांमधली जोडनळी सीएफडीसाठी कशी काढावी?

टाकी_ते_टाकी

नमस्कार मंडळी,

सीएफडीसाठी, म्हणजे संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवण्यासाठी, दिसायला अगदी साधं मॉडेल आहे, पण अडून बसलोय. दोन उभ्या गोल टाक्या, दोन्हींचा आतला व्यास १२०० मिमी. त्यांना जोडणारी दोन इंची, शेड्यूल ४० ची (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग) पोलादी नळी. मधल्या रेषेवरून मोजली तर एकूण लांबी ४ मीटर. नळी पहिल्या टाकीच्या अंगातून आडवी निघते, एका लाँग रेडियस एल्बोने आडवीच वळते, मग दुसऱ्या एल्बोने वर वळून दुसऱ्या टाकीच्या तळातून आत शिरते. दुसरी टाकी ओट्यावर आहे. पंप नाही, पाणी फक्त पातळीच्या फरकावर वाहतं. प्रवाह १० घनमीटर प्रतितास, पाणी २० अंश सेल्सिअसचं.

काढायचंय एवढंच, की हा प्रवाह जायला दोन टाक्यांच्या पातळीत किती फरक लागेल. पहिल्या टाकीचा ओव्हरफ्लो दुसरीच्या नेहमीच्या पातळीपेक्षा २५० मिमी वर आहे. फरक त्याहून जास्त लागला तर पाणी नळीतून जाण्याऐवजी ओव्हरफ्लोतून जाणार.

नळीची स्टेप फाइल (कॅडमधली थ्रीडी भूमिती) पाइपिंग लेआउट करणाऱ्यांकडून आली. टाक्यांतलं पाणी मी स्वतः सिलिंडर काढून केलं. आता अडचणी सांगतो.

पहिली. नळीचं टोक सपाट आहे आणि टाकी गोल, त्यामुळे टोक मध्यावर टेकतं पण डाव्या-उजव्या बाजूला फट राहते. मोजली तर ती ०.७६ मिमी भरली. बुलियन युनाइट (दोन आकार जोडून एक करणं) केलं की कधी दोन वेगळे सॉलिड राहतात, कधी मधोमध नुसती रेषेवर चिकटलेली बॉडी मिळते. शेवटी नळीचं टोक १ मिमी आत ओढून युनाइट केलं, तेव्हा कुठे एक बॉडी झाली.

दुसरी. पहिल्या टाकीत तळाला आतून भराव घातलाय, त्यामुळे नळीचं तोंड जवळजवळ तळाशी आलंय. ड्रॉइंगमध्ये नळीचं केंद्र तळापासून ३० मिमीवर आहे. नेमकं त्या जागी मेशमध्ये (गणितासाठी पाण्याचे जे बारीक तुकडे, म्हणजे सेल, पाडतात त्यात) सुईसारखे सेल येतात, स्क्यूनेस (सेलचा वेडावाकडेपणा, १ म्हणजे सगळ्यात वाईट) ०.९९ च्या वर जातो. तिथे मेश कितीही बारीक केला तरी सुया काही जात नाहीत, नुसत्या बारीक होतात.

तिसरी. हे सगळं तसंच रेटून सॉल्व्हर चालवला. के-ओमेगा एसएसटी (खळबळत्या प्रवाहाचं मॉडेल), वॉल फंक्शन (भिंतीलगतच्या थरासाठीचं तयार सूत्र), गुळगुळीत भिंत. दोन टाक्यांतल्या एकूण दाबाचा फरक १.६ किलोपास्कल आला, म्हणजे सुमारे १६३ मिमी पाणी. हाताने डार्सी-वाइसबाख (नळीतल्या घर्षणाचं सूत्र) आणि के-फॅक्टर (तोंड, एल्बो यांच्या तोट्याचे गुणक) लावून काढलं तर ३.१ किलोपास्कल येतात, म्हणजे ३१७ मिमी. एकात टाकी वाचते, दुसऱ्यात ओव्हरफ्लो वाहतो.

प्रश्न असे: नळी वेगळी बॉडी ठेवून इंटरफेस द्यावा की सगळं एकसंध करावं? फ्लँज, गॅस्केटची खाच, तोंडाची बारीक गोलाई यांतलं काय ठेवायचं, काय उडवायचं? आणि नळीच्या आधी सरळ इनलेट जोडायला हवा का? एका ठिकाणी तीस व्यास लांबी द्या असं वाचलं.

---

स्वीप_लॉफ्ट

एकसंधच करा. नळी टाकीत चांगली ५० मिमी आत घुसवा आणि मग युनाइट करा. बुलियनला नुसता स्पर्श आवडत नाही, त्याला नीट छेद हवा असतो. १ मिमी हा छेद नव्हे, तुमच्या कॅडचा टॉलरन्स जरा ढिला असेल तर तोही कमी पडेल.

नळी परत काढायची तयारी असेल तर स्टेपचा नाद सोडा. थ्रीडी स्केचमध्ये मधली रेषा काढा, दोन्ही कोपऱ्यांना ७६ मिमीचा फिलेट द्या, त्यावर वर्तुळ स्वीप करा. पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय व्यास बदलला की सगळं आपोआप बदलतं.

आणि ५ मिमीपेक्षा बारीक जे काही असेल ते सरसकट उडवा. फिलेट, चॅम्फर, खाचा, सगळं. मेश आनंदाने होईल.

---

सीमास्तर

स्वीप_लॉफ्ट यांचं पहिलं आणि दुसरं म्हणणं शंभर टक्के मान्य. तिसऱ्याशी भांडण आहे, त्याकडे येतो. त्याआधी एक गोष्ट, कारण तिच्यामुळे तुमच्या तीनही अडचणी एकत्र उलगडतात.

तुमच्या फाइलमधली नळी पोकळ आहे का ते एकदा बघा. माझी पैज आहे की ती भरीव दांडा आहे, ६०.३ मिमी व्यासाचा.

पुरावा तुम्हीच दिलाय. दोन इंची शेड्यूल ४० चा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, भिंत ३.९१ मिमी, म्हणजे आतला व्यास ५२.५ मिमी. आता ६०० मिमी त्रिज्येच्या टाकीला सपाट टोकाची नळी टेकवली तर कडेची फट किती येते? ५२.५ च्या नळीला ०.५७ मिमी. ६०.३ च्या नळीला ०.७६ मिमी. तुम्ही मोजलेली फट ०.७६ आहे.

दुसरा पुरावा तळाशी. केंद्र ३० मिमीवर आणि दांड्याची त्रिज्या ३०.१५. म्हणजे नळी तळाच्या खाली ०.१५ मिमी उतरलीय. टाकीचा सपाट तळ नळीच्या गोलाईला जवळजवळ स्पर्शरेषेत कापतो आणि तिथे केसाएवढ्या जाडीची चंद्रकोर तयार होते. मेश करणाऱ्या सॉफ्टवेअरला ती चंद्रकोर भरावीच लागते, कारण तुमच्या भूमितीत तिथे पाणी आहे. स्पर्शिकेच्या कोनात कुठलाही सेल धड बसत नाही, म्हणून मेश बारीक केल्यावर सुयाही बारीक होतात. खरी त्रिज्या, म्हणजे २६.२५ मिमी घेतलीत तर नळीचा तळ टाकीच्या तळापासून ३.७५ मिमी वर राहतो. स्वच्छ छोटी पायरी. तिथे तीन-चार सेल ठेवा, प्रश्न मिटला.

तिसरा पुरावा दाब. प्रवाह तोच ठेवून व्यास बदलला की के-फॅक्टरचे तोटे व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतात आणि भिंतीवरच्या घर्षणाचा तोटा जवळजवळ पाचव्या घाताने. ६०.३ भागिले ५२.५, त्याचा चौथा घात १.७४, पाचवा घात बरोबर २. तुमच्या हाताच्या आणि सीएफडीच्या उत्तरात १.९ पटीचा फरक आहे. उरलेला थोडा भाग खडबडीतपणाचा आहे, कारण हाताच्या हिशोबात तुम्ही बहुधा ०.०४५ मिमी धरलेत आणि सॉल्व्हरमध्ये गुळगुळीत भिंत.

लेआउटवाल्यांची यात काही चूक नाही. त्यांना नळी कशाला आपटते, बोल्ट काढायला हात जातो का, हे बघायचं असतं. बाहेरचा व्यास त्यांच्या कामाचा, आतला आपल्या. फाइल हलकी राहावी म्हणून नळ्या भरीव करून पाठवणं ही नेहमीची पद्धत आहे. फक्त आपण तो दांडा जसाच्या तसा पाणी म्हणून घेतला की उत्तर निम्मं येतं, आणि सॉल्व्हर त्यावर काहीच तक्रार करत नाही. रेसिड्युअल (समीकरणांतली उरलेली चूक) छान खाली उतरतात.

उलट बाजूचा सापळाही सांगून ठेवतो. काही जण दोन इंच म्हणजे ५० मिमी असं धरून मोकळे होतात. ५२.५ च्या जागी ५० घेतलं तर घर्षणाचा तोटा २८ टक्क्यांनी वाढतो. इंची नाव हे नुसतं नाव आहे. शेड्यूलचा तक्ता उघडल्याशिवाय व्यास लिहू नये.

आता तुमचे प्रश्न.

वेगळी बॉडी की एकसंध? एकसंध. पण त्यामागे एक कारण आहे जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही पाणी काढताय, धातू नाही. पाण्याचा सिलिंडर पाण्याच्या टाकीत ५० मिमी आत घुसवला तर युनाइटनंतर तो भाग विरघळून जातो, मागे काहीच राहत नाही. तोच प्रकार कुणी धातूची नळी काढून, मग पोकळी भरून काढायच्या पद्धतीने केला तर टाकीत ५० मिमी नळी खरोखर डोकावते आणि तोंडाचा प्रकारच बदलतो. भिंतीशी सपाट, धारदार कडेच्या तोंडाचा के ०.५. आत डोकावणाऱ्या तोंडाचा ०.७८. तुमच्या वेगाला, म्हणजे १.२८ मीटर प्रतिसेकंदाला, वेगशीर्ष (वेगातली ऊर्जा पाण्याच्या उंचीत) ८४ मिमी आहे; म्हणजे कॅडमधल्या नुसत्या सोयीपायी २३ मिमी पाणी जास्तीचं लागलं असतं. म्हणून एकदा फील्डवर काम करणाऱ्या माणसाला विचाराच की नळी खरोखर भिंतीशी सपाट कापलीय की आत थोडी सोडलीय. ड्रॉइंगवर ते दिसेलच असं नाही. सोडली असेल तर पाण्यातून धातूची ती बांगडी वजा करा, जाडीसकट.

मेश स्वीप करून षट्फलकी सेल हवे असतील तर बॉडी तोडावी लागते, ते ठीक. पण तोंडावर तोडू नका. तोंडातून आत शिरताना पाणी कडेपासून सुटतं, आकसतं आणि मग पुन्हा भिंतीला लागतं. नॉन-कन्फॉर्मल इंटरफेस (दोन्ही बाजूंचे सेल जुळत नाहीत असा जोड) नेमका त्या जागी ठेवला तर ज्या तोट्यासाठी एवढा खटाटोप चाललाय तोच पुसट होतो. दोन-तीन व्यास आत, सरळ भागात तोडा. टाकी आणि तोंडाचा भाग चतुष्फलक किंवा पॉलिहेड्राने भरा, पुढची नळी ओ-ग्रिडने (गोल छेदात बसणारी षट्फलकी जाळी).

इनलेटची तीस व्यासांची लांबी. ते सूत्र बरोबर आहे, खळबळत्या प्रवाहासाठी ४.४ गुणिले रेनॉल्ड्स अंकाचा (जडत्व आणि श्यानता यांच्या गुणोत्तराचा) सहावा मूळ, तितके व्यास. तुमचा रेनॉल्ड्स अंक ६७,००० च्या आसपास, म्हणजे २८ व्यास, दीड मीटर. पण ते कधी वापरायचं? लांबलचक नळीचा मधलाच तुकडा तुम्ही कापून घेतला असेल तेव्हा. इथे पाणी टाकीतून येतंय. तोंडाशी पूर्ण विकसित वेगाचा आकार लादलात तर जो प्रवाह तिथे प्रत्यक्षात कधीच नसतो तो तुम्ही घुसवाल, आणि आकसण्याचा तोटा गायब होईल. इथे इनलेट म्हणजे टाकीच.

टाकी मात्र पूर्ण घ्यायची गरज नाही, पहिली तरी. तोंडापासून ३०० मिमीवर पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १ सेंटिमीटर उरतो. तळ आणि भिंत दोन्ही जवळ आहेत हे धरून. त्या वेगाचा दाब एक दशांश पास्कलसुद्धा भरत नाही. तोंडाभोवती ३०० ते ४०० मिमीचा पाव गोल ठेवा, त्याच्या बाहेरच्या पृष्ठाला टोटल प्रेशर (एकूण दाब) द्या. पाच-सहा लाख सेल वाचतात ते नळीत खर्च करा. दुसरी टाकी मात्र कापू नका. तिथे झोत निघतो, तो वीस-वीस व्यास जात राहतो, आणि मध्येच आउटलेट ठेवलं तर कडेने पाणी उलटं आत येतं. रिव्हर्स फ्लोच्या सूचना येतात त्या अशाच. आउटलेट टाकीच्या वरच्या कडेला, झोतापासून दूर.

एल्बोनंतर लगेच नळी तोडून आउटलेट ठेवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तुमच्याकडे दोन एल्बो दोन वेगळ्या प्रतलांत आहेत, ही जोडी प्रवाहाला पीळ देते आणि तो पीळ सरळ नळीत बराच लांब टिकतो. त्यामुळे दोन एल्बोंमधली सरळ लांबी ड्रॉइंगप्रमाणे अचूक ठेवा. तिथे अंदाजे चालत नाही, कारण एल्बो जवळ आले की दोघांचे के नुसते बेरीज करून चालत नाहीत. त्याच कारणासाठी तर सीएफडी करायचं, नाहीतर कागद-पेन्सिल पुरे होती.

आता ५ मिमीचं भांडण. फ्लँज, बोल्ट, नट यांचा पाण्याशी संबंधच नाही, तुम्ही पाणी काढलंत की ते आपोआप जातात. गॅस्केटची खाच बुजवा. तिथे २-३ मिमीच्या खोबणीत पाणी स्वतःशीच गोल फिरत बसतं, बाहेरच्या प्रवाहाला ते फारसं कळतही नाही, आणि मेशला मात्र पुष्कळ सेल खावे लागतात. वेल्डच्या आतल्या कडेचंही तेच, एखादा मिमी असेल तर सोडा.

पण तोंडाची गोलाई उडवू नका. तोंडाच्या कडेला नळीच्या व्यासाच्या फक्त दोन टक्के त्रिज्येची गोलाई असेल, तुमच्या नळीला १ मिमी, तरी के ०.५ वरून ०.२८ वर येतो. सहा टक्क्यांना, म्हणजे ३ मिमीला, ०.१५. पंधरा टक्क्यांच्या पुढे ०.०४ वर थांबतो. म्हणजे ५ मिमीपेक्षा बारीक सगळं उडवा या नियमाने तुम्ही नेमकी तीच गोष्ट उडवाल जिच्यावर प्रवेशाचा अख्खा तोटा ठरतो. बारीक गोष्ट कुठे आहे ते बघायचं, किती बारीक आहे ते नंतर. प्रवाह जिथे कडेपासून सुटतो तिथला १ मिमी ठेवायचा. सरळ भिंतीत लपलेले ३ मिमी बुजवायचे.

एक पुस्ती. हे के मोकळ्या भिंतीतल्या तोंडाचे आहेत. तुमचं तोंड तळाला लागून आहे, त्यामुळे सीएफडीतला आकडा नेमका ०.५ यायलाच हवा असा आग्रह धरू नका.

भिंतीजवळचा पहिला सेल: वॉल फंक्शन वापरताय तर १.२ मिमी उंची घ्या. त्याचा मध्य ०.६ मिमीवर येतो आणि वाय-प्लस (भिंतीपासूनचं मितीहीन अंतर) ३८ च्या आसपास बसतो. सुटलेल्या प्रवाहाची चिंता असेल आणि भिंतीपर्यंत नीट सोडवायचं असेल तर वाय-प्लस १ साठी सेलचा मध्य ०.०१६ मिमीवर आणावा लागेल. पहिल्या फेरीला ते करू नका.

---

टाकी_ते_टाकी

दांडाच निघाला! मापलं, ६०.३ मिमी, भरीव. फाइलमध्ये नळीचं नाव दोन इंच शेड्यूल ४० असं लिहिलेलं होतं, म्हणून आत बघायचं सुचलंच नाही.

मधली रेषा काढून ५२.५ चं वर्तुळ स्वीप केलं, टाकीत ५० मिमी आत घुसवलं, युनाइट पहिल्या झटक्यात झालं. सुया गेल्या. कमाल स्क्यूनेस ०.८२. फील्डवरून कळलं की नळी आतून भिंतीशी सपाट कापून घासलेली आहे, कडेला हाताला लागेल अशी गोलाई नाही. म्हणून धारदार कड ठेवली.

आता एकूण फरक २.९ किलोपास्कल येतोय. हाताच्या ३.१ च्या बराच जवळ. उरलेल्यासाठी भिंतीला ०.०४५ मिमी खडबडीतपणा दिला, तर उत्तर जवळजवळ हललंच नाही. दोनदा तपासलं, सॉल्व्हरने आकडा घेतलाय. हे का?

शिवाय एक उपप्रश्न. हेच मॉडेल ओपनफोममध्ये (मोफत सीएफडी सॉफ्टवेअर) चालवून बघायचंय. एसटीएल काढताना काही विशेष?

---

हेक्स_हट्टी

ओपनफोमच्या भागाचं मी सांगतो.

एसटीएल म्हणजे त्रिकोण. गोल नळीचा बहुकोन होतो, आणि बहुकोनाचे कोपरे वर्तुळावर असतात, बाजू आत असतात. म्हणजे नळी नेहमी अरुंदच होते, रुंद कधीच नाही. कॅडच्या मूळ सेटिंगवर निर्यात केलंत आणि परिघाला १२ बाजू पडल्या तर छेदाचं क्षेत्रफळ साडेचार टक्क्यांनी घटतं. तेवढ्याने घर्षणाचा तोटा सुमारे १३ टक्के वाढतो. २४ बाजूंना तो फरक ३ टक्क्यांवर येतो. मी ७२ च्या खाली जात नाही. एल्बोच्या आतल्या बाजूला तर आणखी बारीक, कारण तिथे दोन्ही दिशांना वळण आहे. मेश बारीक करून हा फरक जात नाही, स्नॅपीहेक्समेश (ओपनफोमचं मेश पाडणारं साधन) इमानदारीने बहुकोनालाच चिकटतो.

निर्यात करताना भाग वेगळे ठेवा: इनलेट, आउटलेट, टाकीची भिंत, नळीची भिंत, प्रत्येक वेगळ्या नावाचा सॉलिड. एकाच फाइलमध्ये चालतात. नळीला वेगळं नाव असलं की तिच्यावरच थर आणि बारकावा देता येतो. तोंडाची धार टिकवायची तर सरफेस फीचर काढण्याची पायरी गाळू नका, नाहीतर स्नॅपी ती कड कुरतडतो आणि तुम्ही ज्या धारदार कडेसाठी एवढी चौकशी केलीत तिला फुकटची गोलाई मिळते. सीमास्तर यांनी वर १ मिमीचं सांगितलंयच.

मिलिमीटर-मीटरचं विसरू नका. एसटीएलमध्ये एकक नसतं. ओपनफोमला ५२.५ म्हणजे साडेबावन्न मीटर व्यासाची नळी वाटेल आणि तो ती आनंदाने सोडवेल. ०.००१ ने स्केल करा, मग सरफेसचेक चालवून बाउंडिंग बॉक्स डोळ्यांनी वाचा. तीच आज्ञा उघड्या कडाही सांगते. एक जरी उघडी कड राहिली तर मेश तिथून बाहेर गळतो. लोकेशन-इन-मेशचा बिंदू (मेश कुठल्या बाजूला ठेवायचा ते सांगणारा) नळीच्या मध्यावर ठेवा, पण सेलच्या कडेवर पडणार नाही असे विचित्र दशांश देऊन.

---

सीमास्तर

खडबडीतपणाचं कोडं छान आहे, आणि त्यात सॉल्व्हरचा दोष नाही.

तुमच्या नळीत भिंतीवरचा घर्षणवेग सुमारे ०.०६३ मीटर प्रतिसेकंद. ०.०४५ मिमीला त्याने गुणून पाण्याच्या गतिक श्यानतेने भागलं की खडबडीतपणाचा मितीहीन अंक २.८ येतो. सॉल्व्हरमधली वॉल फंक्शनं निकुराड्झेच्या वाळूच्या प्रयोगांवर बेतलेली आहेत, १९३३ ची. त्याने नळीला आतून एकसारख्या आकाराचे वाळूचे कण चिकटवले होते. तशा भिंतीवर हा अंक ५ च्या खाली असेल तर कण भिंतीलगतच्या चिकट थरात बुडून राहतात आणि प्रवाहाला भिंत गुळगुळीतच वाटते. म्हणून सॉल्व्हर म्हणतो, फरक नाही.

तुम्ही हाताने काढलंत ते कोलब्रुकच्या १९३९ च्या सूत्राने, किंवा त्याच सूत्रावर काढलेल्या मूडीच्या आलेखावरून. ते सूत्र बाजारात मिळणाऱ्या नळ्यांवरून आलंय. खऱ्या नळीत सगळे उंचवटे एकसारखे नसतात, त्यातले मोठे आधीच डोकं वर काढतात, म्हणून तिथे घर्षण हळूहळू वाढायला फार आधी सुरुवात होते. तुमच्या आकड्यांना गुळगुळीत नळीचा घर्षणांक ०.०१९५ आणि कोलब्रुकचा ०.०२२८. मीटरला ३०४ पास्कल विरुद्ध ३५७. चार मीटरला २१० पास्कल होतात, आणि तुमचा २.९ आणि ३.१ मधला फरक तेवढाच आहे.

म्हणजे भूमिती आता बरोबर आहे. उरलेलं मिटवायचे दोन मार्ग. सरळ हे २१० पास्कल हाताने मिळवा आणि अहवालात तसं लिहा. प्रामाणिक आणि झटपट. किंवा नुसती सरळ नळी, दोन्ही टोकांना पीरियॉडिक (एका टोकातून गेलेलं पाणी दुसऱ्यातून पुन्हा आत), त्याच प्रवाहाला चालवा आणि घर्षणांक ०.०२२८ येईपर्यंत खडबडीतपणाचा आकडा वाढवत न्या. जो आकडा मिळेल तो मोठा दिसेल, पण तो तुमच्या नळीचा या रेनॉल्ड्स अंकापुरता समतुल्य आकडा आहे. प्रवाह बदलला की पुन्हा काढायचा. आणि तो आकडा पहिल्या सेलच्या मध्याच्या उंचीपेक्षा लहान राहिला पाहिजे, इथे तो प्रश्न येणार नाही.

आता ओव्हरफ्लो. लागणारा फरक ३१७ मिमी, उपलब्ध २५०. तोंडाला चांगली गोलाई दिली, के ०.५ वरून ०.०४ केला, तरी ३९ मिमीच वाचतात, २७८ वर अडकता. म्हणून तोंड सुधारण्यात वेळ घालवू नका. तीन इंची शेड्यूल ४० बघा: बाहेरचा व्यास ८८.९, आतला ७७.९. वेग ०.५८ मीटर प्रतिसेकंदावर येतो आणि हाताने काढलं तर अख्खा तोटा ५५ मिमीच्या आसपास. एल्बोची त्रिज्या ११४ मिमी होते, म्हणून नळीची सरळ लांबी तेवढी कमी करावी लागेल. मधल्या रेषेचं स्केच असल्याने ते आपोआप होईल. नळीचं केंद्र मात्र ३० मिमीवर ठेवता येणार नाही, आतली त्रिज्याच ३८.९५ आहे. ते वर घ्या, आणि घेताना बाहेरची त्रिज्या व वेल्डला जागा धरून घ्या, म्हणजे लेआउटवाल्यांशी पुन्हा वाद नको.

एक राहिलं. तुम्ही पाण्याच्या पृष्ठाला सपाट झाकण दिलंय असं गृहीत धरतोय. तोंडावर पाणी पुरेसं असेल तरच ते चालतं. पंपाच्या तोंडासाठी वापरतात ते सूत्र इथे अंदाजाला लावा: व्यास गुणिले (एक अधिक २.३ पट फ्रूड अंक); फ्रूड अंक म्हणजे वेग भागिले, गुरुत्वप्रवेग गुणिले व्यास यांचं वर्गमूळ. दोन इंचीला २७० मिमी पाणी लागतं, तीन इंचीला २०० मिमी. पहिल्या टाकीची सगळ्यात खालची पातळी याहून खाली जाणार असेल तर भोवरा हवा ओढू शकतो, आणि त्या पातळीसाठी व्हीओएफची (पाणी आणि हवा दोन्ही धरणाऱ्या पद्धतीची) वेगळी फेरी लावा. वरचा पाव गोल मग उपयोगाचा नाही, टाकी पूर्ण घ्यावी लागेल.